लेखक: पिंकी झेरॉक्स

खोटं तुम्ही बोललात, सर, आणि खोटारडी ठरली माझी बहीण.

तुमचं नाव मी इथं लिहिणार नाही. घाबरून नव्हे. नाव लिहिलं तर लोक म्हणतील, चला, एका सरांचं भांडण आहे, आणि बाकीचे सगळे सर सुटलो म्हणून चहा प्यायला जातील. तुम्ही विभागप्रमुख आहात, एवढं पुरे. ज्यानं ज्यानं विद्यार्थ्याला "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हटलंय, त्यानं हे आपल्यालाच लिहिलंय असं समजून वाचावं.

मी कोण ते आधी सांगते, कारण तुम्ही सातासमुद्रापार पाठवलेल्या मेलमध्ये मला 'कोणी तिऱ्हाईत व्यक्ती' म्हटलंय. मी पिंकी. आधार कार्डावरही पिंकीच. सोलापुरात सात रस्त्याला माझं नेट आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन, बसायला प्लास्टिकची चार स्टुलं. बारावीनंतर मी कॉलेजला गेले नाही. लिहायला शिकले ते लोकांचे अर्ज टाइप करता करता. रजेचा अर्ज, तक्रार अर्ज, माफीनामा, घटस्फोटाची नोटीस, सत्काराचं भाषण. दहा वर्षं दुसऱ्यांच्या सहीसाठी लिहिलं. हे पहिलंच माझ्या सहीनं.

उत्कर्षा माझी धाकटी बहीण. आम्ही जवळच्या होटगीचे. आमचे अण्णा, महिपती, रेल्वेत कीमन आहेत. म्हणजे खांद्यावर पाना-हातोडा घेऊन रोज सहा किलोमीटर रूळ, म्हणजे आपलं बीट, चालायचा, रूळ धरून ठेवणारी प्रत्येक सैल लोखंडी चावी ठोकून बसवायची आणि संध्याकाळी डायरीत सही करायची. उत्कर्षा आठवीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मागनं चालायची. आमच्याकडं सगळीकडं ऊस झाला, प्लॉट पडले, माळ संपला. पण रुळाकडेच्या रेल्वेच्या पट्ट्यात कुणी नांगर घालत नाही. तिथं माळाचं जुनं गवत अजून जीव धरून आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा. ही पोरगी ते उपटून आणायची. आई, म्हणजे रंभाबाई, ओरडायची, "म्हस हाय का दारात? कुनाला घालतीस ह्ये गवत?"

कॉलेजात तिसऱ्या वर्षापासून तिनं ते रीतसर केलं. तीन वर्षांत दोनशे बारा नमुने. रद्दी पेपरात घालून, वाळवून, दाबून, कागदावर चिकटवून, प्रत्येकाखाली तारीख आणि रेल्वेच्या दगडावरचा किलोमीटर. दाबायला जड काही नव्हतं म्हणून ते आमच्या गादीखाली असायचं. आम्ही दोघी बहिणी तिच्या अभ्यासावर झोपलोय, सर. तुम्हाला हे माहीत नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाही.

मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना तिनं दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर एक फोटो उघडला. इंग्लंडातलं एक जुनं विद्यापीठाचं गाव, आठशे वर्षांचं. तिथल्या वनस्पतींच्या संग्रहातला एक कागद. कागदावर बारीक, जांभळट कणसाचं वाळलेलं गवत, आणि खाली शाईनं लिहिलेलं: होटगी, रेल्वेलगत, १८८६. पुढं एका गोऱ्या साहेबाचं नाव.

"पिंके, हे गवत मला तीन वर्षांत एकदाबी सापडलं नाही."

"मग?"

"मग ते संपलंय, का मला सापडत नाही? तिथं जाऊन बघायला पाहिजे. सोलापूरचे असले शेकडो कागद तिथं कपाटांत पडून आहेत. शेवटचं कधी कुणी उघडलेत, कुणास ठाऊक."

एवढ्यासाठी तिला जायचं होतं. लोकांना वाटलं, पोरीला बर्फात फोटो काढायचेत.

त्या दिवसापासून ती दुपारी नकाशात ते गाव चालायची. स्टेशनातून बाहेर, उजवीकडं, पूल, नदी, सायकलींच्या रांगा, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाच्या दगडी भिंती, मग एक बोळ. "हितं वळलं की संग्रह." मी प्रिंट काढत काढत तिच्याबरोबर चालले. ते गाव मला आता नवी पेठेइतकं पाठ आहे. फरक एवढाच, की नवी पेठेत तुम्हाला धक्के मारून पुढं जाता येतं आणि तिथं आत शिरायला पत्र लागतं. दोन पत्रं. तुम्हाला ओळखणाऱ्या दोन शिक्षकांची, हा माणूस कोण आहे हे सांगणारी.

अण्णांना नकाशा दाखवला तर त्यांनी एकच विचारलं. "रूळ हाय का जवळ?"

"हाय की. गावातनंच जातो."

"मंग बरं. चुकली तर रूळ धरून चालायचं."

उत्कर्षा पत्रासाठी तुमच्या केबिनला आली तेव्हाचं बोलणं तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं. तुम्ही फाइलीतनं डोकंही वर काढलं नव्हतं.

"देऊ की. तूच लिहून आण, मी बघतो."

"सर, ते तुमच्या मेलवर लिंक पाठवतात. तुम्हीच लिहायचं असतं."

"अगं तेच म्हणतोय. तू लिही, आपण टाकू."

ती काय नवं ऐकत होती? तुमच्या कॉलेजात कुणालाच कधी दुसऱ्या तऱ्हेनं पत्र मिळालेलं नाही. मी दहा वर्षं बघतेय. पोरं माझ्या दुकानात बसून स्वतःबद्दल 'हा विद्यार्थी नम्र आहे' लिहितात आणि लाजतात. नोकरीचं पत्र, हॉस्टेलचं पत्र, चारित्र्याचा दाखला, सगळं ज्याचं त्यानं लिहायचं. मोठ्या माणसानं फक्त सही करायची. इथं आपण त्याला लबाडी म्हणत नाही. आपण त्याला सरांचा वेळ वाचवणं म्हणतो.

दुसरं पत्र सुबोध सरांचं. तासिका तत्त्वावरचे, चार वर्षं झाली, दर जूनमध्ये नव्यानं अर्ज. ते दोन रविवार उत्कर्षाबरोबर रूळ चाललेत, तांबड्या मुंग्या चावून घेतल्यात. पण तेही म्हणाले, "माझं इंग्रजी अडखळतं गं. तू लिही, मी नीट वाचून घेतो."

जानेवारीतला शनिवार. तुम्ही गाडी दुकानासमोर आडवी लावलीत, मागच्या रिक्षावाल्यानं शिवी दिली, आणि तुम्ही आत येऊन स्टुलावर बसलात. आठवतंय? मला सगळं आठवतंय. तुम्ही मेलचा पासवर्ड विसरला होता. मोबाइलवर ओटीपी आला, तो तुम्ही चष्मा कपाळावर चढवून मोठ्यांदा वाचलात. मी एक आकडा चुकवला, तर परत वाचलात. थोडं चिडूनच.

"सर, मजकूर वाचून घ्या."

"उत्कर्षानं लिहिलंय ना? मग बरोबरच असणार. एक्सलंट घातलंय का?"

उत्कर्षा म्हणाली, "नाही सर. काम काय केलं ते लिहिलंय."

"एखादं टाक गं. इंग्रजांना बरं वाटतं."

तिनं टाकलं. मी माउस हातात घेतला, तर तुम्ही म्हणालात, "थांब, बटण मीच दाबतो. शकुन असतो." आणि दाबलंत. चहा संपवलात आणि गेलात.

तुम्ही उठल्यावर लगेच सुबोध सर त्याच कॉम्प्युटरवर बसले. दोन नंबरवर एका बाईंच्या सुनेचा भरतीचा फॉर्म चालला होता. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. "सर्वोत्तम काढ. मी असे किती विद्यार्थी बघितलेत? चार वर्षांचे." आणि एक वाक्य स्वतः अडखळत टाइप केलं: हिला थांब म्हटलं तर ही थांबत नाही.

चूक माझी झाली ती इथं. दोन्ही पत्रं एकाच मशीनवरनं गेली, अकरा मिनिटांच्या अंतरानं. आणि माझ्या मशीनवर बनलेल्या प्रत्येक फाइलच्या पोटात लेखक म्हणून दुकानाचं नाव आपोआप पडतं, हे मला दहा वर्षांत कळलं नव्हतं. कळायचं कशाला? माझ्याकडं बनलेल्या कागदाला कुणी कधी विचारलंच नाही, तुला लिहिलं कुणी.

मार्चमध्ये जागा मिळाली. त्या जागेच्या भरवशावर सरकारी शिष्यवृत्तीही मंजूर झाली. आई नवी पेठेत जाऊन चादर घेऊन आली. तिथं पांघरूण देतात म्हटलं तर म्हणाली, "त्येंच्या पांगरुनावर काय भरोसा!" आणि सात रस्त्याला फ्लेक्स लागला. त्यावर तुमचा फोटो केवढा, सर! अर्ध्या फ्लेक्सवर तुम्ही. कोपऱ्यात उत्कर्षा, तिकिटाएवढी. 'आमच्या मार्गदर्शनाखाली थेट इंग्लंडला!' समोरचा पानवाला मला म्हणाला, "पिंकीताई, कोन चाललंय, सर का तुमची भन?" मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

जूनमध्ये मेल आला. दोन्ही शिफारसपत्रं एकाच कॉम्प्युटरवरून, अकरा मिनिटांच्या अंतरानं आली आहेत. दोन्ही फाइलींवर लेखकाचं नाव एकच आहे: पिंकी झेरॉक्स. या व्यक्तीचा आपल्या अर्जाशी संबंध काय? चौदा दिवसांत खुलासा करावा. तोवर प्रवेश स्थगित.

मी तो मेल दोनदा वाचला. आठशे वर्षांच्या विद्यापीठानं माझं नाव लिहिलं होतं. लेखक म्हणून. असं यायला नको होतं.

उत्कर्षा धावत तुमच्याकडं आली. तुम्ही म्हणालात, "काळजी करू नको, मी कळवतो त्यांना." ती हलकी होऊन परत आली. दुकानात बसून वडापाव खाल्ला. चार दिवसांनी विद्यापीठानं तुमचं उत्तर तिलाच पाठवलं: यावर तुमचं म्हणणं काय?

तुम्ही लिहिलं होतं, की हे पत्र मी लिहिलेलं नाही आणि पाठवलेलंही नाही. माझ्या खात्याचा कोणी तिऱ्हाईत व्यक्तीनं गैरवापर केलेला दिसतो.

त्या दिवशी मी भर बाजाराच्या वेळेला शटर ओढलं आणि तिला घेऊन तुमच्या केबिनला आले. तुम्ही मला ओळखलंच नाही.

"आपण?"

"तिऱ्हाईत," मी म्हणाले.

तुम्ही उत्कर्षाकडं बघून बोलायला लागलात. "हे बघ बाळ, तापट होऊन चालत नाही. मी लिहिलं म्हणावं तर ते विचारतात, त्या दुकानाचं नाव कसं? तू लिहिलंस म्हणावं तर माझी अब्रू जाते. तिथं माझा एक पेपर जायचाय, इथं वरच्या कमिटीवर नाव चाललंय. तू ह्या वर्षी माघार घे. पुढच्या वर्षी मी स्वतः लिहून देतो. स्वतः!"

"ह्या वर्षी का नाही लिहिलं?" उत्कर्षानं विचारलं.

"अगं, सगळेच असं करतात. माझ्या सरांनी मलाच लिहायला लावलं होतं."

"मग तेवढंच कळवा त्यांना, सर. आमच्याकडं असंच करतात म्हणून."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

तुम्ही पेनाचं टोपण लावलंत, काढलंत. मग माझ्याकडं वळलात. "तुमच्या दुकानाचं लायसन्स आहे ना? कुणाचं मेल वापरणं म्हणजे सायबर गुन्हा होतो, कल्पना आहे?"

"करा की केस," मी म्हणाले. "कोर्टात मीबी सांगते. चोराला स्वतःहून ओटीपी वाचून दाखवणारा मालक मी पहिल्यांदा बघितला. तोही दोनदा."

तुमचा शिपाई दारात उभा होता. तो हसला आणि मग खोकल्यासारखं केलं. तुम्ही म्हणालात, "आपण जाऊ शकता."

रविवारी सुबोध सर होटगीला घरी आले. अण्णा बीटवरनं येऊन पाय धूत होते. सर ओट्यावर टेकले, पाणीही प्यायले नाहीत, एकदम म्हणाले, "मी मार्ग काढलाय. मी कळवतो, की दोन्ही पत्रं मीच त्या दुकानात बसून तयार केली. मोठ्या सरांचंही त्यांच्या सांगण्यावरून मीच केलं. उत्कर्षाला यातलं काही माहीत नाही. ती सुटेल. माझं काय जाणार? तासिकाच जातील."

आई आतनं बाहेर आली. "घ्या की मंग! देवमानूस हाय बगा."

"आई, ते खोटं आहे," उत्कर्षा म्हणाली.

"असू दे. खरं बोलून कुनाचं पोट भरलंय? एकदा जा तितं. गेल्यावर रोज खरं बोल."

अण्णांनी टॉवेलनं पाय पुसले. ते फार बोलत नाहीत. रुळावर एकट्यानं चालणाऱ्याला सवय नसते. "मला एक सांगा. सही कुनाची?"

"सरांची," मी म्हणाले.

"अक्षर कुनाचं?"

"माझं," उत्कर्षा म्हणाली.

"मंग खोटं कुनाचं?"

अण्णाच पुढं बोलले. "माजा एक जोडीदार व्हता. एकदा अंगात ताप म्हनून बीट चालला न्हाय, पर डायरीत सही केली. गाडी गेली. काय झालं न्हाय. दुसऱ्या दिशी त्यो सगळं बीट चालून आला. एक चावी सैल न्हवती. तरी मला म्हनला, महिपती, कालची गाडी रुळावरनं न्हाय गेली, माज्या सहीवरनं गेली." ते उत्कर्षाकडं वळले. "त्येंनी न बगता सही केली, त्यो त्येंचा गुना. तू न बगता करू दिलीस, त्यो तुजा. आनि पिंके, तू चा पाजलास. आता हे मास्तर तिसरी खोटी सही करतो म्हनत्यात. हितं कुटंतरी थांबायचं का न्हाय?"

आई रडायला लागली. "थांबा म्हंजे? पोरीचं जानं थांबंल की ओ!"

मग उत्कर्षा बोलली. ती माझ्यासारखी आवाज चढवत नाही. "आई, तिथं त्या कागदावर साहेबाचं नाव आहे. पण गवत साहेबानं उपटलं नसणार. होटगीच्याच कुणीतरी वाकून उपटलं, वाळवलं, नीट बांधून दिलं. त्याचं नाव कुठंच नाही. एवढी वर्षं झाली, नाही म्हणजे नाही. आणि आता माझ्या कामाबद्दल मी स्वतः लिहिलं, तर तेही सुबोध सरांनी लिहिलं असं सांगून मी तिथं जाऊ? मी नाही जाणार तशी. मीच लिहिलंय. मीच लिहिलंय म्हणणार."

सुबोध सर ओट्यावरनं उठले, परत बसले. मग म्हणाले, "पाणी द्या जरा." पाणी पिऊन म्हणाले, "बरं. मग मीही जे झालं तेच लिहितो."

तिनं उत्तर माझ्याच दुकानात, त्याच कॉम्प्युटरवर लिहिलं. फाइलीवर लेखक पिंकी झेरॉक्स पडणार हे माहीत असून. मी म्हटलं, नाव बदलून देते. म्हणाली, "राहू दे. लपवायचं काय आहे?" तिनं लिहिलं ते थोडक्यात असं:

'दोन्ही पत्रं मी लिहिली; दुसऱ्यातलं एक वाक्य तेवढं सुबोध सरांचं. पिंकी माझी बहीण आहे, दुकान तिचं आहे. मला पत्र लिहून आणायला सांगितलं गेलं. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही, कारण नाही म्हटलं असतं तर पत्रच मिळालं नसतं, आणि इथं असंच चालतं हे मला लहानपणापासून माहीत होतं. ती चूक माझी आहे. पण पत्रात माझ्या कामाबद्दल लिहिलेलं एकही वाक्य खोटं नाही. एक 'एक्सलंट' सोडून, ते मला टाकायला लावलं. सोबत दोनशे बारा नमुन्यांचे फोटो आणि तीन वर्षांच्या वह्या पाठवते. वाटेल तो कागद उचला आणि मला विचारा. एक वाक्य खोटं निघालं तर जागा काढून घ्या. मी माघार घेणार नाही.'

शेवटचं वाक्य मी तिला म्हटलं जरा मऊ कर. तिनं केलं नाही.

त्यांनी विचारलं, सर. तासभर. पडद्यावर तिघं होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या कपाटातला कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि विचारलं, हे काय? उत्कर्षानं बघितलं, पुन्हा जवळ धरायला सांगितलं, आणि म्हणाली, "तुमच्या कागदावर लिहिलेलं नाव चुकलंय." मी शेजारच्या स्टुलावर होते. म्हटलं, गेली जागा. त्या बाईंनी कुणालातरी भिंग आणायला पाठवलं. पाच मिनिटं नुसतं भिंग आणि कागद. मग त्या म्हणाल्या, "नोंद करून घेते," आणि पुढचा कागद उचलला.

तुम्ही तिला पाच वर्षं शिकवलंत. पाच वर्षांत तुम्ही तिला एवढे प्रश्न विचारले नाहीत.

परवा त्यांचं पत्र आलं. कामाबद्दल आम्हाला शंका उरलेली नाही, असं लिहिलंय. पण प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. एक शिक्षक म्हणतात, विद्यार्थिनी खरं सांगते. दुसरे म्हणतात, माझ्या खात्याची चोरी झाली. दोन्ही खरं असू शकत नाही. चोरी झाली असेल तर प्रवेश रद्द. म्हणून चोरी झाली म्हणणाऱ्या शिक्षकांना, म्हणजे तुम्हाला, एकच प्रश्न पुन्हा विचारला आहे. शुक्रवारी त्यांच्या घड्याळात पाच वाजेपर्यंत उत्तर आलं नाही, तर आधीचंच उत्तर कायम धरलं जाईल.

आज बुधवार. तुमचा फोन लागत नाही. शिपाई म्हणतो, सर मीटिंगमध्ये आहेत. घरी गेले तर वहिनींनी दार अर्धंच उघडलं. आणि सोमवारी नव्या वर्षाच्या तासिकांची यादी लागली, त्यात सुबोध सरांचं नाव नाही. योगायोग असेल. आपल्याकडं योगायोग बरोबर खरं बोलणाऱ्यालाच गाठतो.

मला ऐकवतात लोक. सरांशी वाकडं घेऊ नये. पाया पड, हात जोड, रडून दाखव. एक गुरुजी तर दुकानात येऊन म्हणाले, "सर मोठे आहेत, तुम्हीच समजून घ्या." आम्हीच का? तुम्ही खरं बोललात तर तुमचं काय जाईल, ते मी मोजून बघितलं. नोकरी जाणार नाही. पगार थांबणार नाही. एखादी कमिटी हुकेल, स्टाफरूममध्ये चार दिवस कुजबुज होईल, आणि पाचव्या दिवशी तीच माणसं विद्यार्थ्यांना सांगतील, लिहून आण. उत्कर्षाचं काय जाईल? ते कपाट परत उघडणार नाही. एकदा फसवणुकीचा शिक्का बसला, की दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न येतो: यापूर्वी तुमचा प्रवेश रद्द झाला आहे काय? जन्मभर ती त्या चौकटीत 'होय' लिहील. तुमच्या एका 'नाही'मुळे.

मी हात जोडायला आलेली नाही. दया मागत नाही, मेहेरबानी मागत नाही. एक्सलंटही नको. ती चांगली आहे असं म्हणू नका, तुम्हाला ते माहीतच नाही. जे तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या तोंडानं, तुमच्या हातानं झालं, तेवढंच सांगा.

त्यांनी तुम्हाला इंग्रजीत विचारलंय. मी मराठीत विचारते, म्हणजे नीट कळलं नाही म्हणायची सोय उरायला नको. ते पत्र उत्कर्षाला तुम्हीच लिहायला सांगितलंत आणि तुम्हीच पाठवलंत. हो की नाही, सर?